नाव तेच, राउटर दुसराच: सी प्रोग्राममधून चालू वायफाय ओळखताना

औंढा नागनाथला माझ्या भाच्याची अभ्यासिका आहे. दोन मजले, दोन राउटर. दाराशी ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपला पोरं ओळखपत्रावरचा बारकोड दाखवतात आणि हजेरी वरच्या मजल्यावरच्या संगणकात जाऊन पडते. लॅपटॉपवर लिनक्स, हजेरीचा प्रोग्राम सीमध्ये, आणि तो लिहून द्यायचा उपद्व्याप माझा.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी फोन आला. "मामा, सकाळपासून एकाची बी हजेरी लागली नाही. काहून असं? इकडं तर हिरवा दिसायलाय."

हिरवा म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला ठिपका. हजेरी पाठवण्याआधी प्रोग्राम वायफायचं नाव बघायचा आणि नाव जुळलं की ठिपका हिरवा करायचा. त्या दिवशी सकाळी लाईट गेली. वरचा संगणक इन्व्हर्टरवर होता, राउटर नव्हते. टेबलावर बसणाऱ्या पोरानं मदत म्हणून स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला आणि कुणाला परत पासवर्ड टाकायला नको म्हणून त्याला अभ्यासिकेच्या वायफायचंच नाव दिलं, पासवर्डही तोच. लॅपटॉप इमानदारीत मोबाइलला जोडला गेला. लाईट आली तरी तो तिथंच चिकटून राहिला. माझ्या प्रोग्रामला नाव ओळखीचं दिसलं, त्यानं हजेरी पाठवून दिली, आणि ती मोबाइलपर्यंत जाऊन विरून गेली. पाठवणं यूडीपीवर होतं, म्हणजे पोचपावतीही नाही. ती चूक सर्वस्वी माझी.

त्या संध्याकाळी मी भाच्याला फोनवर एकेक फंक्शन सांगत प्रोग्राम बदलून घेतला. इथंही तसंच सांगतो. फंक्शनची आणि स्थिरांकांची नावं देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग हेडर फाइलमध्ये किंवा मॅन पानावर (लिनक्समधल्या मदतीच्या पानावर) बघून घ्या. स्थिरांक सगळे मोठ्या अक्षरांत असतात.

ओळखायचं म्हणजे नेमकं काय

वायफायच्या यादीत जे नाव दिसतं ते एसएसआयडी. ते कुणीही कशालाही देऊ शकतं, त्याची नोंदणी कुठं होत नाही. त्याच्या मागे असतो बीएसएसआयडी: ज्या रेडिओशी तुम्ही बोलताय त्याचा सहा बाइटचा पत्ता. एका राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे चालू असतील तर नाव एक आणि बीएसएसआयडी दोन. औंढ्याला दोन राउटर, प्रत्येकी दोन पट्टे, म्हणजे एका नावामागे चार पत्ते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्या मशिनवरचा इंटरफेस, ज्याच्यामार्फत हे सगळं चालतं. प्रोग्रामला तिन्ही कळले पाहिजेत. मी फक्त पहिल्यावर भागवलं होतं.

कोड लिहिण्याआधी हातानं बघा

टर्मिनल उघडून "आयडब्ल्यू डेव्ह" ही आज्ञा द्या. मशिनवरचे वायरलेस इंटरफेस दिसतील. मग "आयडब्ल्यू डेव्ह", इंटरफेसचं नाव, "लिंक" असं लिहा. जोडलेल्या रेडिओचा पत्ता, एसएसआयडी, फ्रिक्वेन्सी आणि सिग्नल समोर येतात. आपल्या प्रोग्रामनं हेच काढायचं आहे, तेव्हा हे उत्तर एका कागदावर लिहून ठेवा. पुढं ताळा करायला लागेल.

इथं बहुतेकांच्या मनात येतं की मग पीओपन वापरून हीच आज्ञा चालवावी आणि उत्तर वाचून घ्यावं. एकदाच चालवायचं छोटं काम असेल तर खुशाल करा, मीही करतो. पण दिवसभर चालणाऱ्या प्रोग्रामात नको. आयडब्ल्यूच्या मदतीच्या मजकुरात त्याच्या लेखकांनीच बजावलंय की हा आउटपुट खरवडून वापरू नका, आम्ही तो स्थिर मानत नाही. जुनं "आयडब्ल्यूगेटआयडी" "-आर" पर्याय दिला की नुसतं नाव छापून देतं खरं, पण ते वायरलेस-टूल्स या पॅकेजात येतं आणि आजकाल ते पॅकेज सगळीकडे आधीपासून असेलच असं नाही.

इंटरफेस शोधणं

"डब्ल्यूलॅन०" हे नाव कोडमध्ये कोरून ठेवू नका. हल्लीच्या लिनक्सवर नाव कार्ड कुठं बसवलंय यावरून पडतं. औंढ्याच्या लॅपटॉपवर ते "डब्ल्यूएलपी२एस०" आहे, म्हणजे पीसीआय बस २, स्लॉट ०. यूएसबीचा डोंगल लावला तर बऱ्याचदा "डब्ल्यूएलएक्स" आणि त्यापुढं मॅक पत्त्याची बारा अक्षरं. एकूण पंधरा. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मर्यादा आयएफएनएएमएसआयझेड ही १६ आहे, शेवटचा शून्य धरून. म्हणजे डोंगलचं नाव तिथं काठोकाठ बसतं, आणि ज्यानं दहा अक्षरांचा बफर धरलाय त्याचा प्रोग्राम डोंगल लावल्या दिवशी पडतो.

शोधायची माझी आवडती रीत साधी आहे. "/सिस/क्लास/नेट" ही डिरेक्टरी ओपनडिरनं उघडा, रीडडिरनं एकेक नाव घ्या, आणि त्या नावाच्या आत "फाय८०२११" नावाची नोंद आहे का ते ॲक्सेस फंक्शननं तपासा. असेल तर इंटरफेस वायरलेस. ना रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार लागतात, ना कुठली लायब्ररी. टिंबानं सुरू होणारी नावं तेवढी सोडून द्या. दोन वायरलेस इंटरफेस सापडले तर पहिल्यावर थांबू नका, दोन्हींना विचारा. कुठला जोडलेला आहे ते पुढं कळेलच.

जुनी वाट: आयओसीटीएल

इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं याच वाटेनं जातात, म्हणजे आयओसीटीएल हे कर्नलला आज्ञा देणारं फंक्शन वापरतात, म्हणून ती कळायला हवी. वायरलेस एक्स्टेन्शन्स ही लिनक्समधली १९९० च्या दशकातली सोय, जाँ तूरीए यांनी बांधलेली. हेडर "लिनक्स/वायरलेस.एच".

आधी एक साधा सॉकेट उघडा: एएफ_इनेट, सॉक_डीग्रॅम, शून्य. त्यावरून काहीच पाठवायचं नाही. कर्नलशी बोलायला एक हँडल हवं, एवढाच त्याचा उपयोग. मग स्ट्रक्ट आयडब्ल्यूआरईक्यू प्रकारचा व्हेरिएबल घ्या आणि मेमसेटनं पूर्ण शून्य करा. त्याच्या आयएफआर_नेम या खान्यात इंटरफेसचं नाव स्ट्रएनकॉपीनं भरा, मर्यादा आयएफएनएएमएसआयझेड वजा एक.

आता नाव ठेवायला जागा. तेहतीस बाइटचा कॅरेक्टर ॲरे घ्या आणि तोही शून्य करा. स्ट्रक्टच्या यू.ईएसएसआयडी या भागात तीन खाने आहेत: पॉइंटर, लेंग्थ, फ्लॅग्ज. पॉइंटरमध्ये ॲरेचा पत्ता, लेंग्थमध्ये आयडब्ल्यू_ईएसएसआयडी_मॅक्स_साइझ म्हणजे ३२, फ्लॅग्ज शून्य. तेहतिसावा बाइट कर्नलला दाखवायचाच नाही, तो आपल्या शेवटच्या शून्यासाठी राखीव.

मग आयओसीटीएल. आज्ञेचं लांबलचक नाव फोडून लक्षात ठेवा: एसआयओसी म्हणजे सॉकेटची आयओ कंट्रोल आज्ञा, जी म्हणजे गेट, आयडब्ल्यू म्हणजे वायरलेस, आणि शेवटी ईएसएसआयडी. सगळं एकत्र जोडून लिहायचं. जीच्या जागी एस पडला तर ती "नाव वाच" न राहता "नाव लाव" होते. भाच्यानं फोनवर नेमका एसच ऐकला. रूट नसल्यामुळं "परवानगी नाही" एवढ्यावर निभावलं.

उत्तर शून्य आलं तर यू.ईएसएसआयडी.लेंग्थ बघा. तिथं आता नावाची खरी लांबी असते. ती शून्य असेल तर इंटरफेस आहे पण कुठंच जोडलेला नाही. उत्तर उणे एक आलं तर एररनो (चूक कुठली ते सांगणारा व्हेरिएबल) बोलतो:

ईएनओडीईव्ही: त्या नावाचा इंटरफेसच नाही. स्पेलिंग बघा, डोंगल हललाय का बघा.

ईओपीएनओटीएसयूपीपी: इंटरफेस आहे पण वायरलेस नाही. तुम्ही बहुतेक केबलच्या पोर्टला वायफायचं नाव विचारताय.

ईफॉल्ट: पॉइंटर भरायचा राहिला. सगळ्यात जास्त वेळा हीच चूक होते, कारण मेमसेटनं तो शून्य करून ठेवलेला असतो.

ई२बिग: लेंग्थमध्ये दिलेली जागा नावाला पुरली नाही.

बीएसएसआयडीसाठी तोच सॉकेट, तोच स्ट्रक्ट, फक्त आज्ञेच्या शेवटी ईएसएसआयडीऐवजी एपी. उत्तर यू.एपी_ॲडर.एसए_डेटा मध्ये, पहिले सहा बाइट. छापताना प्रत्येक बाइट अनसाइन्ड कॅरेक्टर करून घ्या, नाहीतर ८० हेक्स किंवा त्यावरच्या बाइटआधी एफएफची रांग लागलेली दिसेल.

कंपाइल करताना एक जुनी डोकेदुखी: "लिनक्स/वायरलेस.एच" स्वतःच "लिनक्स/आयएफ.एच" आत ओढतो आणि त्याचं "नेट/आयएफ.एच"शी जुन्या हेडरांवर भांडण होतं. एकच स्ट्रक्ट दोनदा घडवल्याच्या तक्रारी दिसल्या तर दुसरा काढून टाका.

इतकं सांगून आता म्हणतो, नवीन कोड या वाटेनं लिहू नका. अलीकडच्या कर्नलवर ही आयओसीटीएल वापरली की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) तुमच्या प्रोग्रामचं नाव घेऊन इशारा उमटतो: हा प्रोग्राम वायरलेस एक्स्टेन्शन्स वापरतोय, वायफाय ७ च्या हार्डवेअरवर त्या बंद पडणार आहेत, एनएल८०२११ वापरा. औंढ्याचा लॅपटॉप जुना आहे, त्याला वायफाय ७ चं काही देणंघेणं नाही. पण तो बदलला जाईल आणि प्रोग्राम तोच राहील, हे लिहिणाऱ्याला आधीच कळायला हवं.

नाव म्हणजे स्ट्रिंग नव्हे

नव्या वाटेला लागण्याआधी इथं थोडं थांबू या, कारण ही चूक दोन्ही वाटांवर होते.

एसएसआयडी म्हणजे शून्य ते बत्तीस बाइट. अक्षरं नव्हेत, बाइट. त्यात मधे शून्य बाइट असू शकतो, नवी ओळ असू शकते, काहीही असू शकतं, आणि शेवटी शून्य असेलच अशी हमी नाही.

आमच्या वायफायचं नाव मराठीत आहे: औंढा नागनाथ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा. औ, अनुस्वार, ढ, काना: चार खुणा, बारा बाइट. हेक्समध्ये बघितलं तर ई० ए४ ९४, ई० ए४ ८२, ई० ए४ ए२, ई० ए४ बीई. मधली मोकळी जागा एक बाइट. नागनाथच्या सहा खुणा, अठरा बाइट. एकूण एकतीस. बसलं, पण कसंबसं.

मग वरच्या मजल्याच्या राउटरला वेगळं ओळखता यावं म्हणून भाच्यानं नावाच्या शेवटी मराठी २ जोडायला घेतला. एकतीस आणि तीन, चौतीस. राउटरनं घेतलं नाही. तेव्हा त्यानं इंग्रजी आकडा टाकला, तो एका बाइटचा. एकूण बरोब्बर बत्तीस, आणि माझ्या तेव्हाच्या कोडमध्ये बफरही बत्तीसचाच होता. शेवटच्या शून्याला जागाच उरली नाही. प्रिंटएफला टक्का-एस दिलं की ते शून्य सापडेपर्यंत छापत जातं. त्यानं नावापुढं स्टॅकवरचा कचराही छापला. आकडा शेवटी काढून टाकला आणि दोन्ही मजल्यांना एकच नाव ठेवलं, पण धडा बफरचा होता. परळी वैजनाथ असं नाव ठेवलंत तरी हिशोब हाच, तेही एकतीसच बाइट भरतं. आणि छत्रपती संभाजीनगर तर पूर्ण बसतच नाही, एकोणपन्नास होतात.

म्हणून नियम असा ठेवा की नाव नेहमी बाइट आणि लांबी या जोडीनंच हाताळायचं. तुलना स्ट्रकम्पनं नाही. आधी दोन्ही लांब्या सारख्या आहेत का ते बघायचं आणि मग मेमकम्प. छापताना टक्का-टिंब-तारा-एस वापरून लांबी द्यायची. त्याहून बरं म्हणजे ३२ पेक्षा लहान आणि १२७ या किमतीचे बाइट हेक्समध्ये बदलून छापायचे, कारण शेजारच्या कुणी हॉटस्पॉटच्या नावात टर्मिनलचा एस्केप कोड घातला तर तुमचा पडदा त्याच्या हुकमानं वागेल. हे नाव सिस्टम फंक्शनच्या आज्ञेत चिकटवायचं तर कधीच नाही. हवेतून आलेला मजकूर आहे तो.

मराठीची म्हणून आणखी एक गंमत. "शेतकऱ्यांचा" मधला अर्धा ऱ दोन-तीन प्रकारे टाइप होतो: ऱ ही एकच खूण आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. काही कीबोर्ड र आणि नुक्ता वेगवेगळे देतात. डोळ्याला तिन्ही एकच, मेमकम्पला तिन्ही वेगळी. तेव्हा अपेक्षित नाव कोडमध्ये हातानं टाइप करू नका. खऱ्या राउटरला जोडून घ्या, आलेले बाइट हेक्समध्ये छापा आणि तेच सेटिंगच्या फाइलमध्ये उतरवा.

नवी वाट: एनएल८०२११

कर्नलमधला आजचा वायफायचा दरवाजा हा. आयओसीटीएलऐवजी नेटलिंक सॉकेटवरून निरोपांची देवाणघेवाण होते. कच्चं नेटलिंक लिहायच्या भानगडीत पडू नका, लिबएनएल लायब्ररी वापरा. उबुंटू किंवा डेबियनवर पॅकेजचं नाव लिबएनएल-जीईएनएल-३-डेव्ह. कंपाइल करताना पीकेजी-कॉन्फिगला लिबएनएल-जीईएनएल-३.० विचारलं की पाथ आणि लिंकचे पर्याय तो देतो.

क्रम असा. एनएल_सॉकेट_अलॉकनं सॉकेट, जीईएनएल_कनेक्टनं जोडणी. मग जीईएनएल_सीटीआरएल_रिझॉल्व्हला "एनएल८०२११" हे नाव द्या. तो एक आकडा देतो. हा त्या कुटुंबाचा (एका प्रकारच्या निरोपांच्या गटाचा) क्रमांक, मशिन चालू होताना ठरतो, कोरून ठेवायचा नसतो. उणे आला तर कर्नलमध्ये वायफायचा भागच चढलेला नाही.

इंटरफेसच्या नावाचा क्रमांक इफ_नेमटूइंडेक्सनं मिळवा. शून्य आला तर इंटरफेस नाही.

आता निरोप तयार करायचा. एनएलएमएसजी_अलॉक, मग जीईएनएलएमएसजी_पुट. त्यात कुटुंबाचा क्रमांक, फ्लॅग एनएलएम_एफ_डंप आणि आज्ञा एनएल८०२११_सीएमडी_गेट_स्कॅन. त्यानंतर एनएलए_पुट_यू३२ वापरून एनएल८०२११_ॲट्र_आयएफइंडेक्स या नावाखाली इंटरफेसचा क्रमांक जोडा.

स्कॅन या शब्दानं दचकू नका. इथं नवीन स्कॅन होत नाही, कर्नलकडे आधीपासून असलेली यादी मागितली जाते. नवीन स्कॅनची आज्ञा ट्रिगर_स्कॅन, तिला रूटचे अधिकार लागतात. गेटला लागत नाहीत. इंटरफेसचीच माहिती देणारी गेट_इंटरफेस ही आज्ञाही आहे आणि तिच्या उत्तरात एसएसआयडी येऊ शकतो. पण आपल्याला नावासोबत बीएसएसआयडी आणि जोडणीची अवस्था एकाच ठिकाणी हवी. "आयडब्ल्यू लिंक" सुद्धा यादीतूनच काढतं.

निरोप पाठवण्याआधी उत्तर कोण वाचणार ते सांगून ठेवा: एनएल_सॉकेट_मॉडिफाय_सीबीला एनएल_सीबी_व्हॅलिड, एनएल_सीबी_कस्टम, तुमचं फंक्शन आणि निकाल ठेवायच्या स्ट्रक्टचा पत्ता. मग एनएल_सेंड_ऑटो आणि एनएल_रिसीव्हएमएसजीएस_डीफॉल्ट. डंपचं, म्हणजे पूर्ण यादी मागितल्याचं, उत्तर तुकड्यातुकड्यानं येतं आणि हे फंक्शन शेवटचा तुकडा येईपर्यंत वाचत राहतं. आसपासच्या प्रत्येक रेडिओसाठी तुमचं फंक्शन एकदा बोलावलं जाईल.

त्या फंक्शनच्या आत दोन वेळा उकलायचं आहे. पहिल्यांदा एनएलए_पार्सनं वरची पेटी, त्यात एनएल८०२११_ॲट्र_बीएसएस मिळतो. मग एनएलए_पार्स_नेस्टेडनं ती आतली पेटी. दोन्ही ॲरे त्या-त्या पेटीचा मॅक्स स्थिरांक अधिक एक एवढे घ्या. अधिक एक विसरलात तर चूक महिनाभर लपून राहते. आतल्या पेटीत बीएसएस_स्टेटस आहे का बघा. नसेल तर हा शेजाऱ्याचा रेडिओ, एनएल_स्किप परत करून सोडून द्या. असेल तर त्याची किंमत एनएल८०२११_बीएसएस_स्टेटस_असोसिएटेड हीच आहे का ते तपासा. नुसतं "स्टेटस शून्य नाही ना" असं लिहू नका, कारण राउटरविना आपापसांत जोडलेल्या नेटवर्कची किंमतही शून्य नसते.

जुळलं की बीएसएस_बीएसएसआयडीमधून सहा बाइट उचला, बीएसएस_फ्रिक्वेन्सीमधून मेगाहर्ट्झ. २४१२ आला तर चॅनल १, २४३७ म्हणजे ६, २४६२ म्हणजे ११, ५१८० म्हणजे पाच गिगाहर्ट्झचा चॅनल ३६.

नाव मात्र थेट मिळत नाही. ते बीएसएस_इन्फर्मेशन_एलिमेंट्स या बाइटांच्या माळेत असतं. माळेची रचना सोपी आहे: एक बाइट ओळख, एक बाइट लांबी, मग तेवढे बाइट मजकूर, मग पुढचा मणी. ओळख शून्य असलेला मणी म्हणजे एसएसआयडी. लूप लिहिताना प्रत्येक पावलाला दोन गोष्टी बघा: निदान दोन बाइट उरलेत का, आणि सांगितलेली लांबी उरलेल्या बाइटांत मावते का. नाव उचलताना लांबी ३२ पेक्षा जास्त निघाली तर ते नाव घेऊच नका. लपवलेल्या नेटवर्कच्या बीकनमध्ये (राउटर सतत हवेत सोडतो त्या ओळखीच्या निरोपात) ही लांबी शून्य असते किंवा नावाच्या जागी नुसते शून्य बाइट असतात. ती चूक समजू नका.

शेवटी एनएलएमएसजी_फ्री आणि एनएल_सॉकेट_फ्री. दर मिनिटाला तपासणाऱ्या प्रोग्रामात हे राहिलं तर काही काळानं नवीन सॉकेटच उघडायचे बंद होतात.

आता कागदावर लिहून ठेवलेलं उत्तर काढा आणि ताळा करा.

असोसिएटेड झालं म्हणजे काम झालं असंही नाही. पासवर्ड चुकला असेल तरी क्षणभर ही अवस्था दिसू शकते. म्हणून "/सिस/क्लास/नेट" खाली त्या इंटरफेसची "ऑपरस्टेट" फाइल वाचा, तिथं "अप" हवं. आणि गेटआयएफॲडर्सनं आयपी पत्ता मिळालाय का तेही बघा.

चार पत्त्यांची यादी

औंढ्याच्या प्रोग्रामात आता सेटिंगची एक फाइल आहे. पहिल्या ओळीत नावाचे बाइट हेक्समध्ये, पुढच्या चार ओळींत चार बीएसएसआयडी. नाव जुळलं आणि पत्ता यादीत असला तर हिरवा. नाव जुळलं पण पत्ता अनोळखी निघाला तर पिवळा, आणि पडद्यावर मराठीत ओळ: "हे आपलं वायफाय नाही, कुणाचा हॉटस्पॉट चालू आहे का बघा." पिवळ्यात हजेरी फाइलमध्ये साठते, पाठवली जात नाही.

हॉटस्पॉटचा अंदाज घ्यायची एक खूण आहे. बीएसएसआयडीच्या पहिल्या बाइटचा २ या किमतीचा बिट लागलेला असेल तर तो पत्ता कारखान्यातला नाही, सॉफ्टवेअरनं बनवलेला आहे. मोबाइलचे हॉटस्पॉट बऱ्याचदा असा पत्ता वापरतात. पण पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क चालवणारे राउटरही वापरतात, म्हणून त्यावर निर्णय घेऊ नका, फक्त नोंदीत लिहा.

आणि बीएसएसआयडीची नक्कलही करता येते. अभ्यासिकेच्या हजेरीसाठी इतकं कुणी करणार नाही. पैशाचा व्यवहार असेल तर वायफाय कुठलं यावर विसंबूच नका, पलीकडच्या मशिनची खात्री टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रानं करा. आमच्याकडे मी यूडीपी काढून टीसीपी केलं आणि प्रत्येक नोंदीला वरून पोचपावती येईपर्यंत ती फाइलमधून खोडायची नाही, एवढं केलं. खरं तर एवढं पहिल्या दिवशी केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

लाईट गेल्यावर

दर पाच सेकंदांनी विचारत बसण्यापेक्षा कर्नललाच सांगता येतं की बदल झाला की कळव. वेगळा सॉकेट उघडा, जीईएनएल_सीटीआरएल_रिझॉल्व्ह_जीआरपीला "एनएल८०२११" आणि "एमएलएमई" ही नावं द्या, मिळालेला गट एनएल_सॉकेट_ॲड_मेंबरशिपनं जोडा. या सॉकेटवर अनुक्रमाची तपासणी एनएल_सॉकेट_डिसेबल_सेक_चेकनं बंद करायला विसरू नका, कारण इथं न विचारता निरोप येतात. सीएमडी_कनेक्ट, सीएमडी_डिसकनेक्ट आणि सीएमडी_रोम या तिघांकडे लक्ष ठेवा. रोम म्हणजे नाव तेच, रेडिओ बदलला. कुणी लॅपटॉप उचलून वर नेला की हा येतो. निरोप आला की वरची सगळी तपासणी परत चालवा. निरोपाच्या मजकुरावरच निर्णय घ्यायचा मोह होतो, पण एकाच जागी एकच तपासणी असली की नंतर शोधायला बरं पडतं.

विंडोजवर

परभणीच्या एका मित्राला हेच विंडोजवर हवं होतं. तिथं वाट एकच आणि बरीच सरळ. हेडर "डब्ल्यूलॅनएपीआय.एच", लिंक करताना डब्ल्यूलॅनएपीआय. डब्ल्यूलॅनओपनहँडलला आवृत्ती २ द्या, डब्ल्यूलॅनएनमइंटरफेसेसनं यादी घ्या, आणि ज्याची अवस्था "कनेक्टेड" आहे त्यासाठी डब्ल्यूलॅनक्वेरीइंटरफेसला करंट कनेक्शनचा ऑपकोड द्या. उत्तराच्या असोसिएशन भागात डॉट११एसएसआयडी: एक लांबी, बत्तीस बाइट. त्याच भागात बीएसएसआयडीही आहे. प्रोफाइलचं नावही सोबत येतं, ते एसएसआयडी समजून वापरू नका. दोन्ही बहुधा सारखी असतात, म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. मिळालेली मेमरी डब्ल्यूलॅनफ्रीमेमरीनं सोडायची, साध्या फ्रीनं नाही.

१०६२ ही चूक आली तर डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग सेवा बंद आहे. ५ आली, म्हणजे प्रवेश नाकारला, तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासूनचा बदल आठवा: आसपासच्या रेडिओंच्या पत्त्यांवरून माणूस कुठं आहे ते कळतं, म्हणून आता ही माहिती लोकेशनच्या परवानगीमागं गेली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती द्यावी लागते. मित्रानं दोन दिवस कोडमध्ये चूक शोधली, ती सेटिंगमध्ये होती.

बदललेला प्रोग्राम चढवल्यावर भाच्याला मुद्दाम म्हटलं, दोन्ही राउटर बंद कर आणि तुझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट त्याच नावानं, त्याच पासवर्डनं लाव. फोनवर पाच-सहा सेकंद शांतता.

"मामा, पिवळा झाला."

"आता एक ओळखपत्र दाखव. मग राउटर चालू कर, मोबाइल बंद कर."

मिनिटभरानं वरच्या संगणकावर त्याचीच हजेरी पडली, वेळ ओळखपत्र दाखवलं तेव्हाची.